एका गृहहत्येची कथा : स्वभावरेखन आणि उपरोध

काही कथांचे दुर्दैव असे, की त्या एका वाक्यात सांगून टाकता येतात. रोआल्ड डाल यांची 'लॅम्ब टु द स्लॉटर' ही इंग्रजी कथा त्यांपैकी एक होय. नवरा सोडून जातो म्हणताच बायकोने कोकराच्या गोठलेल्या तंगडीने त्याला ठार केले आणि तीच तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना जेवू घातली, एवढे सांगितले की ऐकणारा हसतो, दाद देतो आणि कथा आपल्याला कळली असे समजतो. ही कथा वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकांसही याहून वेगळा अनुभव येत नसावा. शेवटची कलाटणी समजावून दिली, 'उपरोध' हा शब्द फळ्यावर लिहिला, की तास संपतो. खरा तास तेथून सुरू व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते. एका निर्घृण कृत्याची हकीकत ऐकून आपण हसलो; ते का हसलो, आणि तसे हसण्यात आपण कोणाचा पक्ष घेतला, हा प्रश्न या कथेने आपल्यापुढे टाकला आहे. त्याचे उत्तर कलाटणीत सापडत नाही. ते स्वभावरेखनात शोधावे लागते.

डाल यांचा जन्म 1916 साली वेल्समध्ये, नॉर्वेतून आलेल्या कुटुंबात झाला. 1990 साली ते निवर्तले. प्रस्तुत कथा 'हार्पर्स' मासिकाच्या सप्टेंबर 1953च्या अंकात प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'समवन लाइक यू' या संग्रहात समाविष्ट झाली. पुढे 1958 साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी तिचे दूरचित्रवाणीसाठी रूपांतर दिग्दर्शित केले. असा तिचा लौकिक मोठा आहे. परंतु लौकिकाने कथेचे आकलन वाढतेच असे नाही.

आपल्याकडे लघुकथेच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (1931) या ग्रंथापासून रूढ झाली. कलाटणी हे त्या काळी कथेचे भूषण मानले जाई. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने वाचकाची दृष्टी घटनेवरून मनाकडे वळविली आणि कलाटणीची प्रतिष्ठा उतरली. डाल यांच्यासारख्याची कथा आपल्यापुढे आली म्हणजे तंत्राचे अभिमानी तिला डोक्यावर घेतात आणि मनोविश्लेषणाचे अभिमानी तिला चातुर्याची कसरत म्हणून बाजूस सारतात. दोघांची चूक मात्र एकच आहे. कलाटणी ही स्वभावापासून निराळी काढता येते, असे दोघेही गृहीत धरतात. या कथेत ती तशी निराळी काढता येत नाही, हे दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कथेच्या आरंभी मेरी मॅलनी नवऱ्याची वाट पाहत बसली आहे. खोली उबदार व स्वच्छ आहे, पडदे सोडलेले आहेत, दोन दिवे लागलेले आहेत. एक तिच्यापाशी, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी. दोन उंच पेले, सोडा, व्हिस्की, थर्मासच्या भांड्यात ताजा बर्फ, सारे मांडून ठेवलेले. ती शिवणकाम करीत आहे आणि मधूनमधून घड्याळाकडे पाहत आहे. तिला सहावा महिना आहे. नवरा पोलिसखात्यात वरच्या हुद्द्यावर आहे. तो आला की त्याचा कोट घ्यावयाचा, पेला भरून द्यावयाचा, आणि त्याचा पहिला पेला संपेपर्यंत बोलावयाचे नाही, हे तिला पाठ आहे. उन्हात अंग शेकीत पडणाऱ्या माणसाला उन्हाचे जे सुख, ते तिला त्याच्या नुसत्या सान्निध्यात आहे.

या वर्णनात काय नाही, तेही पाहिले पाहिजे. मेरीला भूतकाळ नाही, माहेर नाही, मैत्रीण नाही, मत नाही. तिची सारी क्रियापदे सेवेची आहेत: आणते, देते, मांडते, विचारते. एखादा टीकाकार म्हणेल, की हे स्वभावरेखन नव्हे. ही 'आदर्श गृहिणी' या नावाची बाहुली आहे. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण ही बाहुली लेखकाने घडविलेली नाही. ज्या घरात आणि ज्या समाजात मेरी राहते, त्याने तिला त्या साच्यात बसविले आहे, आणि तीही त्या साच्यात सुखाने बसली आहे. लेखकाने तो साचा हुबेहूब उतरवून घेतला, आणि पुढील सगळा उपरोध त्याच साच्यातून काढला.

आता नवऱ्याकडे पाहू. पॅट्रिक घरी येतो, पेल्यात उरलेला अर्धा भाग एका घोटात संपवतो आणि दुसरा पहिल्याहून कडक भरून घेतो. मग तो तिला काहीतरी सांगतो. काय सांगतो, ते लेखक आपल्याला सांगत नाही. त्याला चार-पाच मिनिटे लागली, ती निश्चल बसून ऐकत राहिली, एवढेच कळते. प्रत्यक्ष ऐकू येतात ती शेवटची एक-दोन वाक्ये : पैसे देईन, तुझी व्यवस्था लावीन, मात्र गवगवा नको, माझ्या नोकरीला ते बरे नाही. हा संयम असामान्य आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे संवादाची दोन पाने खर्ची घातली असती. डाल यांनी संसाराचा शेवट गाळला आणि त्याची हिशेबवही तेवढी ठेवली. सहा महिन्यांच्या गर्भवतीला सोडताना ज्या माणसास नोकरीची आठवण होते, त्याच्याविषयी आणखी काय सांगावयाचे राहिले?

त्यानंतर मेरी जे करते, ते या कथेचे मर्म आहे. ती रडत नाही, भांडत नाही, कारण विचारीत नाही. ती म्हणते, की मी जेवणाचे बघते. त्या दिवशी गुरुवार आहे. गुरुवारी ते बाहेर जेवीत. तरीही ती यंत्रवत् तळघरात उतरते, डीप फ्रीझरमध्ये हात घालते आणि हाताला जी पहिली वस्तू लागते ती उचलते. ती शस्त्र शोधावयास गेलेली नाही. ती स्वयंपाकाची तयारी करावयास गेली आहे. आणि घाव केव्हा बसतो, तेही बारकाईने वाचावे. नवरा सोडून जाणार हे कळले त्या क्षणी तो बसत नाही. खिडकीशी पाठमोरा उभा असलेला पॅट्रिक जेव्हा वैतागून म्हणतो, की माझ्यासाठी जेवण करू नकोस, मी बाहेर जातो आहे, तेव्हा बसतो. जिला जेवू घालण्यावाचून दुसरी भाषा येत नाही, तिची ती एकुलती एक भाषाच त्याने नाकारली. मेरीचा स्वभाव बदलून खून झाला, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते तिचा स्वभाव बदललाच नाही, म्हणून तो झाला.

खुनानंतरच्या मेरीकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे तिचे वर्तन विश्वसनीय होते. पोलिसाची बायको असल्यामुळे शिक्षा काय होईल हे तिला ठाऊक आहे, आणि स्वतःपुरती तिला त्या शिक्षेची भीती नाही. भीती आहे ती पोटातल्या जीवाची. म्हणजे याही वेळी ती दुसऱ्या कोणासाठी काही करावयास निघाली आहे. ती मांस ओव्हनमध्ये ठेवते, हात धुते, माडीवर जाऊन आरशापुढे बसते आणि तालीम करते. कशाची? वाण्याकडे बटाटे आणि मटारचा डबा मागण्याची. जे वाक्य तिने आजवर शेकडो वेळा सहज उच्चारले असेल, ते आता तिला घोकावे लागते. दुकानात वाण्याशी बोलणे होते, गोड म्हणून चीजकेकही घेतला जातो. परत येताना ती मनाला बजावते, की थकलेल्या नवऱ्यासाठी भाजी घेऊन आपण घरी चाललो आहोत. सारे रीतसर आणि स्वाभाविकपणे केले, की सोंग करण्याची गरजच पडणार नाही. आणि खरोखरच ती पडत नाही. जमिनीवर पडलेला नवरा पाहून तिचे जुने प्रेम उफाळून येते आणि ती मनापासून रडते.

येथे उपरोध पहिल्याने आपले खरे रूप दाखवितो. मेरी पोलिसांना जे सांगते, ते तपासून पाहावे. मांस ओव्हनमध्ये ठेवले, हे खरे. भाजी आणावयास गेले, हे खरे. परत आले तो नवरा जमिनीवर पडलेला दिसला, हेही खरे. तिने एक क्षण तेवढा वगळला. जिच्या तोंडी सत्य आणि असत्य यांत एका क्षणाचेच अंतर आहे, तिला खोटे पाडणार कसे? नवऱ्याने चार-पाच मिनिटांत काय सांगितले ते लेखकाने आपल्यापासून लपविले. मेरीने एक घाव पोलिसांपासून लपविला. दोन्ही लपविण्यांची रीत एकच आहे.

पोलीस मूर्ख आहेत, असे समजणे ही या कथेवर अन्याय करणारी गोष्ट होईल. ते आपले काम चोख करतात. डॉक्टर येतो, छायाचित्रकार येतो, ठसे घेणारा येतो. मेरीची हकीकत पडताळण्यासाठी माणूस वाण्याकडे जाऊन येतो आणि सांगतो, की बाई नेहमीसारख्या होत्या, प्रसन्न होत्या, नवऱ्याला चांगले जेवण करून घालावयाचे होते, तेव्हा संशयाचे कारण नाही. हत्यार जड, बोथट आणि बहुधा धातूचे असावे, असा तर्क होतो. हत्यार सापडले की खुनी सापडला, हे त्यांच्या धंद्यातले सूत्र. मग पुरुषाच्या हाती जी वस्तू असू शकेल ती ते घरभर शोधतात. ओव्हन चालू आहे आणि आत मांस आहे, हे त्यांतला एक जण स्वतः मेरीच्या ध्यानात आणून देतो. म्हणजे हत्यार त्यांनी पाहिले. ओळखले मात्र नाही. ओव्हनमध्ये दिसले ते रात्रीचे जेवण, आणि मेरीत दिसली ती मॅलनीची बायको. पॅट्रिकलाही तिच्यात याहून अधिक काही दिसले नव्हते. त्याने पाठ फिरविली ती याच भरवशावर. ज्या अंधत्वाने नवऱ्याचा जीव गेला, त्याच अंधत्वाने खुनी सुटला. या एका वाक्यात कथेचा उपरोध सांगता येईल, आणि तो कलाटणीच्या वाक्याहून अधिक भेदक आहे.

शेवटी मेरी त्यांना व्हिस्की देते आणि आग्रह करते, की तुम्ही पॅट्रिकचे मित्र, माझ्या घरातून उपाशी जाऊ नका. हे जेवण संपवलेत तर माझ्यावर उपकार होतील. अतिथिधर्म आणि पुराव्याचा नाश ही येथे एकाच कृतीची दोन नावे झाली. भरल्या तोंडाने जेवता जेवता एक जण म्हणतो, की हत्यार येथेच, आपल्या नाकाखाली असले पाहिजे. शेजारच्या खोलीत मेरीला हसू फुटते.

बोलणाऱ्यास एक अर्थ अभिप्रेत असावा आणि ऐकणाऱ्यास त्यातून दुसराच, अधिक खरा अर्थ कळावा, ही युक्ती आपल्याला नवी नाही. अशा दुहेरी उक्तीचा विचार संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी 'पताकास्थान', 'गंड' अशा संज्ञांखाली केला आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक आठवावा. गर्भवती सीता रामाच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपली आहे. हिचे सारे प्रिय, असह्य असेल तो केवळ हिचा विरह, असे राम म्हणतो न म्हणतो तोच प्रतिहारी कोणी आल्याची वर्दी देते. आला आहे दुर्मुख. आणि त्याच्याबरोबर, प्रतिहारीला नकळत, विरहच आला आहे. गर्भवती पत्नी, तिचा त्याग करणारा पती आणि नकळत सत्य बोलणारा सेवक, अशी ही जुळणी डाल यांच्या कथेशी ताडून पाहण्याजोगी आहे. भवभूतीच्या प्रतिहारीचा शब्द ऐकून आपल्या काळजात चर्र होते. डाल यांच्या पोलिसाचा शब्द ऐकून आपण हसतो. युक्ती तीच, परिणाम उलट. कारण भवभूतीने त्याग करणाऱ्याचेही हृदय आपल्याला उघडून दाखविले आहे, आणि डाल यांनी ते मुद्दाम झाकून ठेवले आहे.

शीर्षकातही हाच दुहेरीपणा आहे. कत्तलीस नेले जाणारे निमूट कोकरू ही बायबलमधून इंग्रजीत रूढ झालेली प्रतिमा. कथा वाचू लागताना कोकरू म्हणजे मेरी असे वाटते. पुढे कोकरू म्हणजे बेसावध पॅट्रिक. मग ते हत्यार. आणि अखेर ते पोलिसांच्या ताटातील अन्न. एका शब्दाने चार वेळा वेष पालटला, आणि कोठेही ओढाताण झाली नाही. लेखकाच्या कारागिरीविषयी आम्हांस शंका नाही.

शंका आहे ती दुसऱ्या ठिकाणी. पॅट्रिकचे मन झाकून ठेवल्याने मेरीचा प्रमाद आपल्याला फार हलका होतो. तो मेला याचे आपल्याला काही वाटत नाही, कारण तो जिवंत होता असेच आपल्याला कधी वाटले नव्हते. हा कथेचा दोष की गुण, हे ठरविण्यास तिच्याशेजारी दुसरी एक कथा ठेवून पाहणे उपयोगी पडेल.

अमेरिकन लेखिका सूझन ग्लास्पेल यांची 'अ ज्यूरी ऑफ हर पिअर्स' ही कथा 1917 सालची. 1916 साली लिहिलेल्या 'ट्रायफल्स' या स्वतःच्याच एकांकिकेवरून त्यांनी ती रचली. त्यामागे आयोवा राज्यातील एक प्रत्यक्ष खटला होता. डिसेंबर 1900 मध्ये जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा खून झाला आणि त्याच्या पत्नीवर आरोप आला. त्या खटल्याची वार्तापत्रे ग्लास्पेल यांनी वृत्तपत्रासाठी लिहिली होती. कथेत जॉन राइट हा शेतकरी गळफासाने मारलेला आढळतो आणि त्याची बायको मिनी तुरुंगात आहे. ती आपल्याला एकदाही भेटत नाही. शेरीफ आणि सरकारी वकील माडीवर आणि गोठ्यात पुरावा शोधतात. स्वयंपाकघरात काय असावयाचे, असे म्हणून ते तेथून निघून जातात. मागे राहिलेल्या दोन बायकांना मात्र तेथेच सारे दिसते : अर्धवट पुसलेले टेबल, थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, गोधडीच्या एका तुकड्यावर एकाएकी वेडेवाकडे झालेले टाके, मोडक्या दाराचा पिंजरा, आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगळलेला गाणारा पक्षी. त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता. या दोघी स्वयंपाकघरात बसून तो अधिकार बजावतात आणि पुरावा लपवितात.

दोन्ही कथांत पुरावा स्वयंपाकघरात आहे आणि पुरुषांना तो दिसत नाही. पण ग्लास्पेल यांनी मृत नवऱ्यास कोरे ठेवलेले नाही. तो दारू पीत नसे, शब्द पाळी, देणे चुकते करी. आणि तरी त्याच्या सहवासात माणसाच्या हाडांत हीव भरे. शेजारणीच्या तोंडच्या या मोजक्या शब्दांत राइट उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर मिनीची सारी मूक वर्षे उभी राहतात. त्या शेजारणीस स्वतःचाही दोष दिसतो : आपण अधूनमधून या घरी आलो नाही, हाही गुन्हाच नव्हे काय? येथे वाचक हसत नाही. तो न्यायासनावर बसतो, आणि बसल्याबरोबर त्याला आसन टोचू लागते.

म्हणून डाल यांची कथा कमी प्रतीची, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? आम्हांस ते घाईचे वाटते. ग्लास्पेल आपल्याला विचार करावयास लावून सहभागी करतात. डाल आपल्याला हसवून सहभागी करतात, आणि हसताना आपण सावध नसतो. मेरीच्या हसण्यात आपले हसणे मिसळले, की आपणही त्या टेबलाशी जेवावयास बसलेलो असतो. तरीही एक उणीव आम्हांस मान्य करावी लागते. ते शेवटचे हसू मेरीचे कमी आणि लेखकाचे अधिक आहे. ती स्त्री काही वेळापूर्वी मनापासून रडली. त्या रडण्यापासून या हसण्यापर्यंतचा मार्ग कथेने दाखविलेला नाही. ती सुटकेने हसली, की भानावरून गेली, की आजवर कोणी आपल्याला पाहिलेच नाही हे कळून हसली? तिसरा अर्थ कथेच्या बांधणीतून निघू शकतो आणि तोच आम्ही पत्करतो. पण लेखकाने तेथवर जाण्यास मदत केलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. कलाटणीचे ऋण फेडण्यासाठी स्वभावरेखनाला शेवटच्या ओळीत थोडी तोशीस पडली आहे.

आमच्या अध्यापकबंधूंस शेवटी एक सुचवावेसे वाटते. ही कथा वर्गात वाचून झाली म्हणजे विद्यार्थ्यांना शेवट आवडला का, हे विचारू नये. तुम्हाला हसू केव्हा आले, आणि त्या वेळी जमिनीवर पडलेल्या माणसाची आठवण होती का, हे विचारावे. मग आणखी एक प्रश्न विचारावा : कथेच्या पहिल्या पानावर, खुनापूर्वी, तुम्ही मेरीकडे नीट पाहिले होते का? बहुतेकांचे उत्तर नाही असे येईल. तेथे पडदे, दिवे आणि पेले दिसले. ते मांडणारी बाई त्या सामानातच जमा झाली. तिची गणना आपण सामानात केली, तेव्हा पॅट्रिक आणि त्याचे पोलीसमित्र यांच्याच पंक्तीला आपण बसलो होतो. हे ज्या विद्यार्थ्यास कळले, त्याला उपरोधाची व्याख्या घोकण्याची गरज उरणार नाही.